चिखलाचा श्वास

खाडीच्या चिखलाला वास असतो, ही गोष्ट त्या चिखलावर नऊ वर्षे अधिकारवाणीने लिहून झाल्यावर मला कळली. माघातली, षष्ठीची सकाळ होती. पाणी उतरून तास-दीड तास झाला होता, तिवरांची मुळे उघडी पडून उन्हात वाळत होती, आणि त्या साऱ्या पसाऱ्यातून कुजत आलेल्या पानांचा, मिठाचा, मेलेल्या शिंपल्यांचा आणि कुठेतरी खोल दडलेल्या गंधकाचा असा दाट, उबदार दर्प वर येत होता, की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या परदेशी पाहुण्याने नाकाला रुमाल लावला. मीही लावला असता. पण मी त्या चिखलाची तज्ज्ञ होते, आणि तज्ज्ञाला चारचौघांत नाक मुरडता येत नाही. म्हणून मी तो वास छातीभर ओढून घेतला, जुने माणूस भेटल्यासारखी हसले, आणि मनाशी म्हटले, असा असतो होय हा.

माझा धंदा काय ते आधी सांगायला हवे. झाडे, माती, पाणी आणि त्यांच्यावरची हवा यांच्यात कर्बवायूची अखंड देवघेव चाललेली असते. पाने उन्हात तो ओढून घेतात, मुळे आणि माती तो परत सोडतात. ही देवघेव मोजायची, आणि जिथे मोजता येत नाही तिथे गणिताने तिचा अंदाज बांधायचा, हे आमचे शास्त्र. मोजणारे लोक निराळे. ते उन्हात करपतात, गुडघाभर चिखलात रुततात, आणि त्यांची नावे निबंधाच्या अगदी शेवटी, आभारांच्या बारीक टंकात येतात. अंदाज बांधणाऱ्यांची नावे वर असतात. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या गार खोलीत बसतो आणि जगातल्या कुठल्याही रानाचे मॉडेल बांधून देतो. उंटावरून शेळ्या हाकणे हा वाक्प्रचार ज्याने घडवला, त्याच्या उंटाला निदान ऊन तरी लागत असेल.

या क्षेत्रात कारकीर्द कशी घडते, ते मी जवळून पाहिले आहे. पृथ्वी वाचवायला म्हणून डोळ्यांत पाणी आणून तरुण मुले-मुली येतात, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत फक्त स्वतःची शिष्यवृत्ती वाचवायला शिकतात. मग ती आमच्यासारखी होतात. आपल्या निबंधाचा दाखला किती जणांनी दिला हे रोज सकाळी दात घासण्याआधी पाहू लागतात. तू माझा दाखला दे, मी तुझा देतो, या अलिखित करारावर सभ्यपणे जगू लागतात. आणि कर्ब कमी करण्याच्या चर्चेसाठी वर्षातून चारदा विमानाने जाऊन येतात. जंगलाबद्दल इतके आत्मीयतेने बोलणारे आणि झाडांची नावे इतकी कमी ठाऊक असणारे लोक दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत. मी त्यांच्यात पंचवीस वर्षे आहे, आणि त्यांना तुच्छ लेखण्यात मी कधी कसूर केलेली नाही. आपण त्यांच्यातल्या नव्हे, असे मानण्याची सोय त्यात होती.

नागावच्या दक्षिणेला, गाडीने तासाभराच्या अंतरावर, एका खाडीत आमचा मनोरा उभा आहे. लोखंडी, उंच, तिवरांच्या वर डोके काढलेला. त्याच्या माथ्यावर एक यंत्र आहे: बोटभर काचेचे दोन डोळे समोरासमोर रोखलेले, मधे वीतभर मोकळी जागा. त्या जागेतून वारा वाहतो आणि एका डोळ्यातून दुसऱ्यात जाणारा अदृश्य किरण त्या वाऱ्यातला कर्बवायू क्षणाक्षणाला मोजतो. सागरी वाऱ्यात मीठ असते. ते काचेवर बसते, आणि दोन दिवस पुसले नाही तर यंत्र आंधळे होते. म्हणून रोज कुणालातरी शिडी चढून ती काच पुसावी लागते.

हे काम बांधावरच्या गावातल्या गुलाबबायकडे होते. खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकवणाऱ्या घरातली बाई. वय पन्नाशीच्या पुढचे, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, पायांच्या बोटांत कायमचा वाळलेला चिखल. मनोऱ्याच्या उद्घाटनाला, भरती असल्याने बांधावरच उरकलेल्या समारंभात, तिने नारळ फोडला होता, तेवढेच मी तिला पाहिले होते. आमच्या कागदपत्रांत तिला ‘स्थानिक मदतनीस’ म्हणत. तिला तिथे काय करायला सांगितले आहे हे मी वाचले होते. ती ते कसे करते हे विचारण्याचे मला कधी सुचले नाही.

पहिल्याच वर्षी माझ्या संगणकाच्या पडद्यावर एक ठोका दिसला. कर्बवायूची रेषा दिवसभर मंद हेलकावत असायची, आणि मधेच एकदा, काही मिनिटांपुरती, टोकदार उसळी घेऊन खाली यायची. दुसऱ्या दिवशी तीच उसळी पन्नासएक मिनिटे उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी तेवढीच उशिरा. मी भरती-ओहोटीचा तक्ता शेजारी ठेवला आणि माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. उसळी नेमकी ओहोटीवर येत होती. पाणी उतरले, चिखल उघडा पडला, की तो एक मोठा श्वास सोडत होता! असले काही आजवर कुणी नोंदलेले नव्हते. खरे तर अशी एकांडी टोके गाळून टाकणारी चाळणी आमच्या गणितात असते. ती लावली की हा ठोका नाहीसा व्हायचा. मी चाळणीची भोके मोठी केली. मला तो ठोका हवा होता.

अडचण एकच होती. ओहोटी दिवसातून दोनदा येते, आणि हा श्वास एकदाच यायचा. रात्रीच्या ओहोटीला चिखल गप्प असे. यावर मी दोन पाने लिहिली. उन्हाने तापलेला गाळ, त्यातले सूक्ष्म जीव, रात्रीचा गारवा, असे मोठे देखणे विवेचन होते ते. आजही वाचले तर पटते. त्या निबंधाने मला बढती दिली, स्वतंत्र खोली दिली, आणि दूरदूरच्या सभांतून ‘चिखलाच्या श्वासाच्या बाई’ असे नाव दिले. ठोका माझ्या मॉडेलमध्ये गेला, मॉडेल इतरांच्या मोठ्या मॉडेलांत गेले, आणि ज्या किनाऱ्यांवर मी कधी पाऊल ठेवणार नव्हते तिथलेही चिखल माझ्या सूत्राप्रमाणे ओहोटीला श्वास सोडू लागले.

आमच्या क्षेत्राची यंदाची बैठक नागावला ठेवली, ती पाहुण्यांना हा श्वास प्रत्यक्ष दाखवावा म्हणून. नारळी-पोफळीच्या सावलीतल्या एका घरगुती मुक्कामात आमचा तळ पडला. समोरच्या वाळूवर पर्यटक फुगवलेल्या नावेवर बसून किंचाळत होते, आणि आम्ही झावळ्यांच्या मांडवात किनाऱ्याच्या भवितव्यावर गंभीर चेहऱ्याने बोलत होतो. दोघांत अधिक प्रामाणिक कोण, हे ठरवायला फार विचार करावा लागला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वरात खाडीवर निघाली: पाहुणे, आमचे प्रकल्पप्रमुख सर, विद्यार्थी, पाण्याच्या बाटल्या, आणि मी.

मनोऱ्याकडे जाणारी दगडांची वाट फक्त ओहोटीला उघडी पडते. त्या वाटेने आम्ही तोल सावरत गेलो. सरांनी एका पेटीवर पडदा मांडला होता. यंत्र मोजील ते त्यावर लगेच उमटणार होते. सगळे त्याच्याभोवती दाटीवाटीने उभे राहिले. एवढ्यात गुलाबबाय आली. कमरेला टोपली, टोपलीत पाच-सहा चिंबोऱ्या. तिने आमच्याकडे पाहून ओळखीचे हसू केले, टोपली चिखलात ठेवली आणि शिडी चढू लागली. तिच्याकडे कुणीच पाहिले नाही. मी पाहिले, तेही केवळ वास असह्य झाल्याने मान वर केली म्हणून.

ती वर पोचली. धाप लागली होती तिला. कठड्याला टेकून, यंत्राच्या अगदी पुढ्यात, तिने चांगला दम खाल्ला. मग काचेजवळ तोंड नेले, ओठांचा चंबू न करता पूर्ण तोंड उघडले आणि आरशावर करतात तसा ‘हाऽऽ’ केला. पदराच्या टोकाने पुसले. दुसऱ्या काचेवर पुन्हा ‘हाऽऽ’. पुन्हा पुसले. आणि माझ्या मागे टाळ्या वाजल्या. मी वळून पाहिले. पडद्यावरची रेषा ताठ उभी राहिली होती. नाकाला रुमाल लावलेला पाहुणा रुमाल विसरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता, आणि सर अत्यंत प्रसन्न मुद्रेने म्हणत होते, पाहा, चिखल बोलतोय.

एवढ्या शहाण्या माणसांत एकालाही मान वर करावीशी वाटली नाही. मला हसू फुटले, आणि मी पुन्हा शिडीकडे पाहिले.

पाहुणे गाडीकडे परतले तशी मी काहीतरी निमित्त सांगून मागे राहिले आणि गुलाबबायबरोबर बांधावरून तिच्या घरी गेले. पडवीत बसवून तिने पाणी दिले. भिंतीवर एकाच खिळ्याला कालनिर्देशिका टांगल्या होत्या, एकीवर एक, नऊ वर्षांच्या नऊ. ओहोटी तिथीने कळते, म्हणून ती तिथ्या पाहायची. आणि मनोऱ्यावर जाऊन आली की त्या दिवसाच्या चौकोनात कोळशाचा ठिपका द्यायची. तिथ्यांपलीकडे काही वाचता न येणाऱ्या त्या बाईने आमच्या संस्थेतल्या कुठल्याही नोंदवहीहून चोख नोंद ठेवली होती. ती कुणी मागितली नव्हती.

मी तिला विचारले, काच अशी का पुसता? तिला प्रश्नच कळला नाही.

“मंग कशी पुसाची?” ती म्हणाली. “हाऽऽ केल्याबिगर खार निंगते व्हय? फडक्यानं कोरडी पुसली तं काचेला चरे परतान. आमचे मालकांचा चष्मा मी रोज असाच पुसून द्यायची. जालं विनाला बसायचे ना ते. खाऱ्या वाऱ्यानं काच आंधली व्हायची.”

मी तिला जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले, की वरचे यंत्र हवेतला वायू मोजते, आपल्या श्वासातही तोच वायू असतो, आणि इतकी वर्षे यंत्राने तिचाच श्वास मोजला. ती ऐकत राहिली. मग तिने विचारले ते एकच.

“माझी चूक झाली का, बाय? काम जाईल माझं?”

नाही, मी म्हटले. पण चिखलाचा वास घेऊन मी ज्या तोंडाने हसले होते, त्याच तोंडाने ते शब्द म्हटले. नुसते काही बोलायचे म्हणून पुढे म्हणाले, आता फक्त वर गेल्यावर श्वास सोडू नका. गुलाबबायने माझ्याकडे असे पाहिले, जसे शहाणी माणसे आमच्यासारख्यांकडे पाहतात.

“श्वास धरून शिडी चढू व्हय मी?”

मी उठले आणि त्या कालनिर्देशिका चाळू लागले. ठिपक्यामागे ठिपका, शिमग्याला, गौरी-गणपतीला, तिने बोटाने दाखवलेल्या लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. एका मार्गशीर्षात मात्र ठिपके अचानक थांबले होते. मी ते रिकामे चौकोन मोजले. तेरा. हे तेरा दिवस मला ठाऊक होते. त्या वर्षी यंत्राने तेरा दिवस काहीच धड नोंदले नव्हते. महिन्यातून एकदा जाणाऱ्या तंत्रज्ञाने ‘काचेवर मीठ’ एवढेच कळवले होते.

“तवा मालक गेलं,” मागून गुलाबबाय म्हणाली. “तेराव्यापर्यंत मी आली न्हाय. सुतकात कशी येनार? तुमच्या हापिसातून कोनी काय बोल्लं न्हाय. मना वाटलं, तुमी समजून घेतलं.”

दुपारी नागावला, जिताड्याच्या तळलेल्या तुकड्यांचा समाचार घेत असलेल्या सरांना मी सगळे सांगितले. त्यांचा घास अडला नाही. ते म्हणाले, घाई नको. बोंबाबोंब करण्यासारखे त्यात काही नाही. आपोआप काच पुसणारी यांत्रिक पुसणी मिळते, ती मागवू. त्या बाईंना मोकळे करू. मी विचारले, आणि पुसणी बसल्यावर ठोका नाहीसा झाला तर? सरांनी काटा बाजूला काढून ठेवला.

“तर तो नाहीसा का झाला, यावर आणखी एक निबंध होईल,” ते म्हणाले. “हवामान बदलतंयच.”

ते विनोद करत नव्हते. मागाहून, माझा चेहरा पाहून असावे, त्यांनी थोडी तडजोड सुचवली: निबंध मागे घ्यायचाच झाला तर पत्रात ‘स्थानिक मदतनिसाच्या चुकीमुळे’ असे लिहावे, म्हणजे संस्थेवर काही येत नाही. परतीच्या वाटेवर मी त्यांचा मनसोक्त तिरस्कार केला. पंचवीस वर्षांत जमवलेली सगळी विशेषणे मी त्यांच्यावर खर्चली, आणि फार बरे वाटले. माणगावला गाडी चहाला थांबली, हातात कप आला, आणि मला ती रात्रीच्या ओहोटीवरची दोन पाने आठवली. रात्री चिखल का श्वास सोडत नाही? कारण रात्री गुलाबबाय घरी झोपलेली असते. सरांनी चाळणीची भोके मोठी केली नव्हती. सरांनी ती दोन पाने लिहिली नव्हती. त्यानंतर माझ्याजवळ तिरस्कार पुष्कळ उरला होता, पण तो फेकायला दुसरे माणूस उरले नव्हते.

पुण्यात आल्यावर मी निबंध मागे घेण्याचे पत्र लिहिले. ते चार ओळींचे आहे. मनोऱ्याजवळच्या मानवी श्वासाची नोंद मी नैसर्गिक घटना म्हणून सादर केली, ते तपासून पाहण्याची साधने माझ्याजवळ होती, मी ती वापरली नाहीत, चूक संपूर्णपणे माझी आहे. मदतनिसाचा उल्लेख एकदाच आला आहे, तो असा, की आपले काम तिने नेमून दिल्याप्रमाणे रोज केले. सरांनी तो मसुदा पाहिला आणि खोलीबाहेर जाताना म्हणाले, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. खरेच होते ते. माझी खोली जाईल, नाव जाईल, माझ्या सूत्रावर ज्यांनी इमले चढवले आहेत ते मला कुठल्याही सभेत जवळ उभे करणार नाहीत. एरवी माझ्याकडे धावत येणारे दोघे काल जिन्यात भिंतीकडे पाहत उतरले.

पत्राबरोबर सुधारलेली नोंद जोडायची होती, म्हणून त्या दिवशी पडवीत काढून घेतलेली कालनिर्देशिकांची छायाचित्रे पुढ्यात घेऊन मी एकेक ठिपका पाहत गेले आणि एकेक उसळी काढून टाकत गेले. सोपे, कंटाळवाणे काम होते. करता करता मार्गशीर्षातले ते तेरा दिवस आले. तिथे उसळी नसायला हवी होती. पण होती. तेराही दिवस होती, ठरल्या वेळी, रोज पन्नास मिनिटे उशिरा, आणि आजूबाजूच्या खऱ्या उसळ्यांहून अधिक डौलदार. मग आठवले. नोंदीत खंड पडला की तो मॉडेलने भरून काढायचा असतो. तशी आमच्यात रीतच आहे, आणि तो किती बेमालूम भरला यावर आमची शाबासकी ठरते. माझ्या मॉडेलला ठाऊक होते की प्रत्येक दिवसाच्या ओहोटीला इथे एक श्वास येतो. ती बाई घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नवऱ्याच्या पिंडाला कावळा कधी शिवेल याची वाट पाहत बसली होती, आणि मी तिला रोज शिडी चढवत होते. एक दिवससुद्धा सुटी दिली नव्हती मी तिला.

ते तेरा दिवस मी पुसले. तिथे काही भरले नाही. रेषा जिथे तुटते तिथे ती तुटलेली दिसू दिली, आणि खाली कारण लिहिण्याच्या चौकटीत ‘सुतक’ असे लिहिले. संगणकाने ते स्वीकारले. त्या खाडीविषयी मी आजवर केलेल्या नोंदींत पूर्णपणे खरी अशी हीच एक असावी.

पत्र काल गेले. यांत्रिक पुसणी यायला अजून महिना आहे, आणि ती आल्यावर गुलाबबायला ठेवायचे की नाही, यावर माझे मत कुणी विचारील असे मला वाटत नाही. मी न विचारता ते लिहून दिले आहे. आज सकाळी सवयीने संगणकाचा पडदा उघडला. पलीकडे डोंगराखाली, माझ्यापासून कितीतरी कोस दूर, पाणी उतरत असणार, दगडांची वाट उघडी पडत असणार. खोलीत नेहमीचा गारवा होता, कसलाही वास नव्हता. अकरा वाजून वीस मिनिटांनी ती मंद रेषा एकाएकी ताठ वर गेली.

आली वाटतं, मी म्हटले, आणि तिचा दम खाऊन होईपर्यंत थांबले.